वरच्या हवेचा जेट

एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. वरच्या वस्तीकडे जाणारा रस्ता जिथे पहिल्यांदा डोंगराला वळसा घालतो, तिथे सिस्टरची मोटारसायकल खोकली, दोन आचके दिले आणि गप्प झाली.

"झालं समाधान?" सिस्टर गाडीला म्हणाली.

मागे काळ्या धुराचा पट्टा अजून हवेत लोंबकळत होता. तिने गाडी कडेला घेतली, औषधांची पिशवी खांद्याला लावली आणि पायी निघाली. गणवेशाच्या आत ती नवऱ्याची जुनी पँट घालत असे. त्यामुळे गाडीवर बसणं सोपं जाई, पण चढ चढताना ती पँट गुडघ्यांना धरून ठेवी. वर पोचेपर्यंत उन्हं कलली होती. लाकूडतोड्याच्या पायाची जखम सकाळीच धुवायला हवी होती. आता तिच्यावर माश्या बसून गेल्या होत्या, आणि त्याची बायको दारातच उभी होती. तिने दोन शब्द सुनावले असते तर सिस्टरला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी चष्मा पुसत विचारलं, "सिस्टर, तुमची गाडी यायच्या आत बरं व्हायचं की मरायचं, हे पेशंटने कसं ठरवायचं? त्याला आधी कळवत तरी जा."

"चढावर दम सोडते ती."

"मग चढ काढून टाकू का?" ते स्वतःच्या विनोदावर थोडं हसले आणि मग हसू आवरून म्हणाले, "महिनाअखेरीपर्यंत बघतो. नाही जमलं तर वरच्या वस्त्या कंपाउंडरकडे. तुम्ही इथे खिडकीत बसा, चिठ्ठ्या फाडा."

खिडकीत बसणं म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं. घर ते खिडकी, खिडकी ते घर, आणि घरात सासूबाई. नवरा तारखात्यात होता. त्यानेच तिला खाली सपाटीवर, रिकाम्या परेडच्या पटांगणावर मोटारसायकल चालवायला शिकवली होती. लोक हसले की तो म्हणायचा, "हसू दे. तू क्लच सोडू नकोस." पुढे त्याची मूत्रपिंडं गेली, पाठोपाठ तोही गेला, आणि तिची बदली इथे वर झाली. तेव्हा ती दोनच गोष्टी बरोबर घेऊन आली: सासूबाई आणि गाडी. पहिलीला दुसरा मुलगा नेत नव्हता म्हणून, आणि दुसरीलाही तोच नेत नव्हता म्हणून. घरात सगळे त्याला धाकटा म्हणत. भावाचं सगळं उरकल्यावर त्याने सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं, "ते भंगार आहे वहिनी, टायर गेलेत, चेन गेलीय. तुम्हीच ठेवा." आईबद्दल तो असं काही म्हणाला नव्हता. त्याच्या घराला जिने फार आहेत, एवढंच म्हणाला होता.

टायर तिने घातले, चेन तिने घातली. त्या गाडीवर बसून ती चढाला लागली की कुणाची सून नसे, कुणाची विधवा नसे. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येई, ते पुसायची गरज नसे. हे ती कुणाशी बोलली नाही. पण डॉक्टर खिडकी म्हणाले तेव्हा तिला आधी हेच आठवलं.

तडक ती पंपवाल्याकडे गेली.

पंपवाला पाण्याचे पंप दुरुस्त करी. शिवाय जनरेटर, शिलाई मशीन, घड्याळ, जे कुणी आणून टेकवेल ते. नुकतीच पंपाच्या पट्ट्यात सापडून त्याची तीन बोटं सोलली होती आणि ती सिस्टरनेच शिवली होती.

"काय म्हणते घोडी?" तो म्हणाला.

"खाते जास्त, धावते कमी."

"माझ्या मेहुण्यासारखी. प्लग काढून आणलात?"

तिने रुमालात बांधलेला प्लग पुढे केला. पंपवाल्याने तो डाव्या हाताने उजेडात धरला. "बघा, कसं काजळ घातलंय. सिस्टर, इथे वर हवा पातळ. तुमची गाडी खालून आलेली, ती खालच्या हवेच्या हिशोबाने पेट्रोल ओढते. हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच, मग जळणार कसं? जेवून उठलेल्या माणसाला पुन्हा पाटावर बसवल्यासारखं झालंय. कार्बोरेटरमधला जेट बदला. बारीक भोकाचा घाला."

"मग घाला की."

त्याने बँडेजचा हात वर केला. "कशाने? हा तुम्हीच बांधून ठेवलाय. हलवायचा नाही, भिजवायचा नाही, पेट्रोल तर लांबच. तुमचेच शब्द. आता तुमचेच हात चालवा."

"मला कुठे येतं ते?"

"माणसाच्या कातडीत सुई खुपसता. हे पितळ आहे, ओरडणार पण नाही."

त्याने फळीवरून गोळ्यांची एक रिकामी डबी काढली. आत जुन्या गाड्यांमधून काढून ठेवलेले जेट होते. प्रत्येक पितळेचा, कुर्त्याच्या बटणापेक्षाही लहान, मधोमध आरपार भोक, कडेला कोरलेला आकडा. मग त्याने बाकावर खडूने चित्र काढून समजावलं. आधी पेट्रोलचा कॉक बंद. मग नळी. मग दोन स्क्रू. खालची वाटी काढली की मधे उभा जेट. "पेचकस बरोबर बसणारा घ्या. ढिला घेतलात तर खाच जाईल, आणि मग देवालाही तो निघायचा नाही. आणि काही झालं तरी भोकात तार घालायची नाही. तार घातली की भोक मोठं झालं, आणि तुम्हाला कळणारही नाही."

"आम्ही सुयांत घालतो तार."

"म्हणूनच सांगतोय."

सुट्टीच्या दुपारी तिने स्वयंपाकघराच्या ओट्यावर उकळलेलं स्वच्छ फडकं अंथरलं. त्यावर दवाखान्यातून बाद झालेला, टवके उडालेला इनॅमलचा ट्रे ठेवला. दार उघडं, खिडकी उघडी.

"आई, आज स्टोव्ह पेटवायचा नाही."

"मग चहा?"

"नाही."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. त्या दाराशी स्टुलावर बसून बटाटे सोलत होत्या, जे आता शिजणार नव्हते. "आमच्या वेळी ओट्यावर जेवण व्हायचं."

"आज ऑपरेशन आहे."

"मरतंय कोण?"

"बघू."

सासूबाईंना हसू आलं, ते त्यांनी बटाट्याकडे बघून दाबलं. त्या वाईट नव्हत्या. एवढंच की त्यांच्या मनातली माणसं एका रांगेत उभी होती, आणि त्या रांगेत सून थोरल्याच्या, म्हणजे आपल्या नवऱ्याच्या, मागे होती. थोरला वारल्यावर तिच्या पुढची जागा रिकामी झाली, पण सासूबाईंनी तिला पुढे बोलावलं नाही.

कॉक बंद, नळी, दोन स्क्रू. कार्बोरेटर हातात आला तेव्हा तो इतका लहान आहे याचं तिला नवल वाटलं. एवढ्याशा वस्तूसाठी आपण आठवडाभर डॉक्टरांची बोलणी खाल्ली. तिने खालची वाटी सोडवली. साचलेलं पेट्रोल ट्रेमध्ये ओतलं, त्याबरोबर तांबूस गाळ आला. आत पेट्रोलवर तरंगणारा पोकळ फ्लोट होता, त्याची पिन तिने काढून फडक्यावर तिच्या जागी ठेवली. ऑपरेशनच्या वेळी सर्जनच्या हाताखाली ती हत्यारं मांडत असे, तशी प्रत्येक वस्तू निघाली त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे. पेचकस बसवला, छातीतला श्वास धरला आणि फिरवला. आधी काहीच झालं नाही. मग जेट एक बारीक कर्र आवाज करून सुटला.

"निघाला?" सासूबाईंनी विचारलं.

"निघाला."

"रक्त आलं का?"

या वेळी दोघीही हसल्या. त्या दुपारी त्या घरात जे हसणं झालं, तसं नंतर फारसं झालं नाही.

डबीतले जेट तिने फडक्यावर पसरले आणि आकडे वाचू लागली. आकड्यांची तिला भीती नव्हती. तेव्हा इंजेक्शनच्या सुया फेकून देत नसत. काचेच्या सिरिंजबरोबर त्या उकळायच्या, दगडावर घासून टोक काढायचं, पुन्हा वापरायच्या. कुठल्या आकड्याची सुई कुणाला, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. जितका आकडा मोठा तितकी सुई बारीक. बाळाला मोठ्या आकड्याची. बारीक भोक हवंय म्हणजे मोठा आकडा. तिने जुन्या जेटच्या आकड्यापेक्षा मोठा आकडा शोधला, तो पेट्रोलात धुतला, फुंकर मारून बसवला, आणि सगळं उलट क्रमाने, उजवीकडून डावीकडे, जोडत नेलं. हात एकदाही चुकला नाही.

गाडी सुरू झाली. सिस्टर चढाला लागली आणि पहिल्या वळणाच्या आतच गाडीने असा धूर सोडला की रस्त्यावरच्या दोन बायकांनी तोंडाला पदर लावला. मग ती मेली, आणि या वेळी उठायचं नावच घेईना. सिस्टर गाडी ढकलत परत आली. गालावर काळं लागलं होतं, हात तेलकट होते. सासूबाईंनी एकदा बघितलं आणि बाहेरच्या खोलीत निघून गेल्या. हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं, आणि महिना संपत आला होता.

तिने पुन्हा फडकं अंथरलं. पुन्हा सगळं काढलं. आपण खाच बिघडवली का, फ्लोट उलटा लावला का, वाटीचं रबर दुमडलं का, सगळं तपासलं. शेवटी, काही सुचेना म्हणून, तिने जुना आणि नवा जेट दोन बोटांत धरून खिडकीतल्या उजेडाकडे केले, एक्स-रेची फिल्म धरावी तसे. नव्याच्या भोकातून शेजारच्या घराच्या कौलांचा कोपरा दिसत होता. जुन्याच्या भोकातून नुसता ठिपका.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. इथले आकडे उलटे होते. इथे आकडा मोठा म्हणजे भोक मोठं. बाळाची सुई समजून तिने गुरांची सुई लावली होती. वीस वर्षांच्या सवयीने तिला बरोबर उलट्या टोकाला नेलं होतं. तिने डबीतला लहान आकड्याचा जेट उचलला, उजेडात धरला, भोक दिसेना इतकं बारीक वाटलं, तरी बसवला. या खेपेला कामात घाई होती, तरी क्रम चुकला नाही.

गाडी चढली. आधी तिचा विश्वास बसेना. पहिलं वळण गेलं, जिथे ती रोज मरायची ती जागा गेली, आणि गाडीचा आवाज, जो इतके दिवस घशात काही अडकल्यासारखा होता, तो मोकळा झाला. वरच्या वस्तीत पोचल्यावर तिने प्लग काढून पाहिला. काजळ गेलं होतं, तो दुधाच्या चहाच्या रंगाचा झाला होता. लाकूडतोड्याची बायको बघत उभी होती.

"आज लवकर?" ती म्हणाली.

"आज लवकर," सिस्टर म्हणाली.

डॉक्टरांनी खिडकीचा विषय पुन्हा काढला नाही. पंपवाला येईल त्याला सांगत सुटला की सिस्टरने कार्बोरेटरची डिलिव्हरी केली, बाळ-बाळंतीण सुखरूप. आणि सिस्टर त्या महिन्यात दोनदा, कारण नसताना, वरच्या वस्तीला जाऊन आली.

मग धाकटा आईला भेटायला आला. वर्षातून एकदा तो येत असे, बसने, रंगाच्या कंपनीची पिशवी घेऊन. तो दुकानोदुकानी रंग विकायचा. तो अंगणात चहा पीत बसला होता, तेवढ्यात सिस्टर उतारावरून खाली आली आणि गाडी दारात लावली. इंजिन बंद करायच्या आधी तिने एकदा उगीच ॲक्सिलरेटरला पीळ दिला. आवाज कसा स्वच्छ येतो ते तिला दाखवायचं होतं. पुढे कित्येकदा तिला वाटलं की तो पीळ दिला नसता तर बरं झालं असतं.

"ही तीच?" धाकट्याने कप खाली ठेवला.

"तीच."

"काय केलंत?"

"जेट बदलला. घरीच."

"तुम्ही?" तो हसला, पण उठून गाडीभोवती फिरला. एक चक्कर मारून येतो म्हणाला आणि बऱ्याच वेळाने आला. आला तेव्हा केस मागे गेलेले, चेहरा लाल. "दादाची गाडी एकदम दादासारखी पळते," तो आईला म्हणाला, आणि सासूबाईंचे डोळे भरले.

संध्याकाळी जेवताना त्याने विषय काढला नाही. सासूबाईंनीच काढला.

"त्याला दिवसभर बसने हिंडावं लागतं. दुकानं चालून चालून पाय सुजतात म्हणे."

सिस्टर वाढत होती. तिने हात थांबवला नाही. "मलाही कामाला लागते, आई."

"तुला सरकार काहीतरी देईल. कंपाउंडर आहे. आणि बाईमाणसाने किती दिवस..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"भंगार आहे म्हणाला होतात," सिस्टर धाकट्याकडे न बघता म्हणाली. "सगळ्यांसमोर."

"तेव्हा होतं," धाकटा म्हणाला. "मी तरी खोटं कशाला बोलू? आणि वहिनी, गाडी आईच्या नावावर आहे. दादाने हौसेने आईच्या नावावर घेतली. मी मागत नाही. आई देईल तर घेईन, नाही तर नाही."

सासूबाई ताटाकडे बघत होत्या. "मी दिली," त्या म्हणाल्या.

टायर तिने घातले होते, चेन तिने घातली होती, तिने जीव ओतला होता त्यात, पण नाव तिचं नव्हतं. मोडकी होती तोवर ती गाडी सिस्टरची होती. नीट झाल्याबरोबर ती घरच्यांची झाली.

सकाळी धाकटा निघाला. सिस्टरने जुना जेट, गाडीचा मूळचा, गॉजच्या तुकड्यात गुंडाळून आणला. सासूबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या, हातात मुलासाठी बांधलेला डबा.

"भाऊजी, हा घ्या. आत्ता आहे तो इथल्या हवेचा आहे. घाट उतरलात की हा घालून घ्या, कोणीही घालून देईल. खालच्या जाड हवेत बारीक जेटवर गाडी जोरात हाणलीत तर इंजिन तापून धरेल. चाक जाम होईल."

धाकट्याने इंजिन चालू ठेवलं होतं. "वहिनी, मी काय आज गाडीवर बसलो? काल बघितलीत ना कशी पळत होती?"

"वर पळते. खाली नाही."

"वर पळते ती खाली पळणार नाही? उतारावर गाडी थांबते का कुठे?" तो हसून आईकडे वळला. "आई, ही मला गाडी शिकवते." आणि सिस्टरने पुढे केलेला हात त्याने हलकेच बाजूला सारला. "ठेवा तुमच्याकडेच. इंजेक्शनात घाला."

सासूबाईंनी डबा दिला. त्याने तो हँडलला अडकवला आणि गेला.

दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं का? ओरडून, गाडीची किल्ली काढून घेऊन? हे तिने स्वतःला पुढे पुष्कळदा विचारलं. त्या क्षणी तिच्या मनात काय होतं, ते तिला कधी नीट आठवलं नाही. हात बाजूला सारला गेला तेव्हा तोंडही आपोआप मिटलं, एवढंच आठवे.

खालच्या सरळ रस्त्यावर, दोन्हीकडे सपाट शेतं असताना, गाडीचं मागचं चाक धावता धावता जागच्या जागी जाम झालं. धाकटा वाचला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, ते सांधलं, पण आखूड सांधलं. गॅरेजवाल्याने इंजिन उघडलं तर पिस्टन सिलिंडरला चिकटलेला. त्याने कार्बोरेटर बघितला आणि विचारलं, एवढा बारीक जेट यात कोणी घातला?

धाकट्याने पलंगावरून सांगितलं, वहिनीने. मला काही बोलली नाही.

महिन्याभराने नवऱ्याचे मामा वर आले. घरातलं सगळ्यात वडील माणूस तेच होतं. खुर्चीत बसून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"सूनबाई, मला सरळ सांग. गाडी गेली याचा राग होता?"

"होता."

"म्हणून सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. निघताना. मूळचा जेट हातात देत होते, त्यांनी घेतला नाही."

"तो पोरगा म्हणतो, असं काही झालंच नाही."

"आई होत्या तिथे," सिस्टर म्हणाली.

मामा वळले. सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, बोटांनी चादरीचा टाका उसवत. सिस्टर त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिला वाटत होतं, आता बोलतील.

"मला बाई गाड्यांतलं काय कळतं," सासूबाई म्हणाल्या. "मी आत डबा भरत होते."

"आई," सिस्टर म्हणाली, "डबा तुमच्या हातात होता."

"मी आत होते."

सिस्टर उठली, कपाटातून गॉजचा तुकडा काढला आणि मामांच्या पुढे जेट ठेवला. हाच देत होते, ती म्हणाली. मामांनी तो उचलला, उलटसुलट केला. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली.

"मग हा तुझ्याकडेच कसा राहिला?" ते म्हणाले.

ते गेले. सासूबाईंनी स्टोव्ह पेटवला, दोघींसाठी चहा टाकला. सिस्टरने तो घेतला नाही, आणि त्यांनी आग्रह केला नाही. कपावर साय धरली, मग त्यांनीच तो ओतून टाकला, कप धुतला, जागेवर पालथा घातला. त्या मुलाला वाचवत होत्या, हे तिला समजत होतं. त्यांना एकच उरला होता. तो आपल्या हट्टाने लंगडा झाला, की दुसऱ्या कुणाच्या दुष्टपणाने, यातलं दुसरं त्यांना सोसण्यासारखं होतं. हे सगळं समजत होतं म्हणून काही हलकं झालं नाही.

पुढे काय झालं ते थोडक्यात.

गाडी कधी दुरुस्त झाली नाही. गॅरेजच्या मागे ती उभी राहिली, आणि तिच्या सीटवर कोंबड्या बसत असं कुणी कुणी पाहून आलेलं सांगे. सिस्टर वर्षभर वरच्या वस्तीला पायी गेली. मग गुडघे सुजले आणि डॉक्टरांनी वस्त्या कंपाउंडरला दिल्या. त्यांच्या बोलण्यात या वेळी विनोद नव्हता. ती खिडकीत बसली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच बसली. लाकूडतोड्याची बायको खाली बाजाराला आली की खिडकीशी थांबे. पंपवाल्याची बोटं नीट जुळली, पण करंगळी वाकडी राहिली. ती दाखवून तो सांगे की जेट बरोबर होता, माणूस चुकीचा होता. पण पंपवाल्याचं बोलणं नातेवाइकांपर्यंत कुठून पोचणार? मामा लवकरच वारले. डॉक्टर बदलून गेले आणि दरवर्षी एक कार्ड पाठवत राहिले, ज्यात तिचं आडनाव दरवर्षी चुकलेलं असे.

धाकट्याने फिरती सोडून रंगाचं स्वतःचं दुकान टाकलं. चांगलं चाललं. पाय आखूड राहिला, पण गोष्ट लांबत गेली. जिथे चार माणसं जमतील तिथे तो ती सांगे, आणि दर वेळी वहिनी त्यात आणखी थोडी वाईट होई. तरी वर्षातून एकदा तो आईला भेटायला येई, कारण आई सिस्टरकडेच होती. त्याच्या घराला जिने फार होते.

सासूबाई अकरा वर्षं जगल्या. शेवटची दोन अंथरुणात. सिस्टर त्यांना कूस बदलून देई, पाठीला पावडर लावी, नखं काढी. एकदाही जखम होऊ दिली नाही, आणि हे सोपं नसतं, विचारा कुणालाही. त्या दिवसाबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत. कधीकधी सासूबाई तिचं मनगट धरून ठेवत, तोंड उघडत, आणि सिस्टर थांबून राही. मग त्या म्हणत, खिडकी लाव, किंवा, दिवा मालव.

शेवटच्या वर्षी धाकटा आला तेव्हा शेजारच्या दोघी बायका आजारी माणसाला बघायला येऊन बसल्या होत्या. त्याचा पाय बघून एकीने विचारलं, आणि त्याने सुरुवात केली. पलंगाच्या पायथ्याशी बसून, आईच्या पावलांवरची चादर सारखी करत करत त्याने सगळी गोष्ट सांगितली, वहिनी तिथेच औषध मोजत उभी असताना. नाव घेतलं नाही. घरातल्याच एका बाईने, एवढंच म्हणाला. बायकांनी सिस्टरकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

सासूबाई जाग्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचे ओठ हलले, तसा धाकटा थांबला आणि आईकडे वाकला. सिस्टरही औषधाची बाटली हातात धरून वळली.

"पाणी," सासूबाई म्हणाल्या.

सिस्टरने बाटली ठेवली. भांड्यात पाणी घेतलं, एक थेंब मनगटावर टाकून कोमट आहे ना ते पाहिलं, मग एका हाताने त्यांची मान उचलून चमच्या-चमच्याने पाजलं, आणि हनुवटीवरून जे ओघळलं ते टिपून घेतलं.